उंदराची स्मरणशक्ति आणि विद्यार्थ्याची परीक्षा



स्मरणशक्ति वाढविणारें एखादें औषध असावें, ही इच्छा माणसाच्या मनांत फार जुन्या काळापासून आहे. परंतु नांदेड आणि लातूर या शहरांतील घरांत ती दरवर्षीं परीक्षेच्या सुमारास जशी उफाळून येते, तशी इतरत्र क्वचितच येत असेल. लातूरचें राजर्षि शाहू महाविद्यालय १९७० सालीं स्थापन झालें. तेथें रूढ झालेल्या अभ्यासाच्या शिस्तीला पुढें ‘लातूर पॅटर्न’ असें नांव पडलें, आणि आज वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठीं मराठवाड्यांतील खेड्यापाड्यांतून व बाहेरच्या जिल्ह्यांतूनहि हजारों मुलेंमुली या शहरांत येऊन राहतात. शिकवणीवर्गाचें शुल्क, खोलीचें भाडें, खाणावळीचा खर्च हीं सर्व ओझीं उचललेला बाप जेव्हां औषधाच्या दुकानांत जातो आणि स्मरणशक्तीची म्हणून मांडलेली बाटली हातांत घेतो, तेव्हां त्याची दृष्टि एका वाक्यावर खिळते: ‘शास्त्रीय प्रयोगांनीं सिद्ध.’

तो प्रयोग कोणावर केला, कसा केला, आणि त्यावरून आपल्या मुलाविषयीं कोणतें अनुमान काढतां येईल, हें त्या बाटलीवर लिहिलेलें नसतें. बहुतेक वेळां तो प्रयोग पांढऱ्या उंदरावर केलेला असतो. म्हणून त्या उंदराची थोडीशी ओळख करून घेणें आपल्या हिताचें आहे.

उंदराला आपण ‘तुला काल शिकविलेलें आठवतें काय?’ असें विचारूं शकत नाहीं. त्याच्या स्मृतीचें माप त्याच्या वागण्यावरूनच घ्यावें लागतें. १९०१ च्या सुमारास अमेरिकेंतील क्लार्क विद्यापीठांत विलार्ड स्मॉल यानें इंग्लंडमधील हॅम्प्टन कोर्टच्या प्रसिद्ध भुलभुलैयाच्या नमुन्यावर एक लहान भुलभुलैया तयार केला, मध्यभागीं खाद्य ठेवलें, आणि उंदीर तेथवर जाण्यास किती चुका करतो हें पाहिलें. दररोज चुका कमी होत गेल्या. उंदीर शिकत होता, आणि शिकलेलें दुसऱ्या दिवशीं त्याच्यापाशीं शिल्लक राहत होतें. तेव्हांपासून चुका आणि वेळ हीं उंदराच्या स्मरणशक्तीचीं दोन मापें झालीं.

पुढें १९८१ सालीं रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञानें याहून अधिक चतुर अशी योजना केली. एक मोठा गोल हौद पाण्यानें भरावयाचा, आणि आंतील कांहीं दिसूं नये म्हणून तें पाणी दुधाळ करावयाचें. पाण्याच्या पृष्ठभागाखालीं, नजरेस न पडेल असा, एक लहानसा ओटा ठेवावयाचा. उंदराला पोहतां येतें, पण पोहणें त्याला आवडत नाहीं. म्हणून तो पाय टेकण्यास जागा शोधतो. प्रत्येक खेपेस त्याला हौदाच्या निराळ्या कडेनें सोडतात, त्यामुळें केवळ ‘डावीकडे वळ’ एवढें पाठ करून भागत नाहीं. खोलीच्या भिंतीवरील खुणा पाहून ओट्याची जागा मनांत धरावी लागते. चारपांच दिवसांत चांगला उंदीर थोड्याच सेकंदांत ओट्यावर येतो. शेवटच्या दिवशीं ओटा काढून घेतात आणि उंदीर हौदाच्या कोणत्या चतुर्थांशांत अधिक वेळ घिरट्या घालतो तें मोजतात. ज्या उंदराच्या मेंदूंतील हिप्पोकॅम्पस नांवाचा भाग निकामी केलेला असतो, त्याला ही जागा लक्षांत ठेवतां येत नाहीं, असें या हौदानें दाखवून दिलें. माणसाच्या मेंदूंतहि नव्या आठवणी सांठविण्याच्या कामीं याच भागाचें महत्त्व आहे. म्हणूनच उंदरावरील या प्रयोगाला माणसाच्या दृष्टीनें किंमत आली.

तिसरी रीत याहून सोपी आहे. एका पेटीचे दोन कप्पे असतात, एक उजेडाचा व एक अंधाराचा. उंदराला अंधार प्रिय; तो तत्काळ अंधाऱ्या कप्प्यांत शिरतो आणि तेथें त्याच्या पायांना विजेचा हलका झटका बसतो. दुसऱ्या दिवशीं त्याला पुन्हां उजेडाच्या कप्प्यांत ठेवतात. आदल्या दिवसाची आठवण असेल तर तो अंधारांत जाण्यास कचरतो. किती वेळ कचरला, हेंच त्याच्या स्मरणाचें माप.

आतां औषधांकडे वळूं. या कथेंतील पहिलें औषध आपल्या परिचयाचें आहे, आणि तें विष आहे. आपल्याकडे ज्याला कुचला म्हणतात त्या झाडाच्या बियांतून स्ट्रिक्नीन नांवाचें द्रव्य निघतें. १९१७ सालीं कार्ल लॅशले यानें उंदरांना त्याची अल्प मात्रा दिली, तेव्हां ते भुलभुलैया लवकर शिकले असें त्याला आढळलें. बराच काळ या गोष्टीकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९५९ सालीं कॅलिफोर्नियांतील जेम्स मॅकगॉ यानें सहकाऱ्यासह हा प्रश्न पुन्हां हातीं घेतला, आणि त्याच्या मनांत एक अत्यंत महत्त्वाची शंका उभी राहिली. औषध शिकण्यापूर्वीं दिलें तर उंदीर अधिक सावध होईल, त्याची भूक बदलेल, तो जलद धांवेल. मग सुधारलें तें स्मरण, कीं केवळ चपळाई? या शंकेचें निरसन करण्यासाठीं त्यानें पुढील कांहीं वर्षांत औषध शिकवणीच्या आधीं न देतां शिकवणी आटोपल्यावर लगेच देऊन पाहिलें. दुसऱ्या दिवशीं परीक्षेच्या वेळीं औषधाचा अंमल उतरून गेलेला असे. तरीहि त्या उंदरांना पाठ अधिक चांगला आठवे. तेंच औषध शिकवणीनंतर कांहीं तासांनीं दिलें, तर उपयोग होत नसे.

यावरून एक मोठा सिद्धांत हातीं आला. पाठ शिकतांक्षणींच तो मेंदूंत पक्का होत नाहीं. ओल्या मातीचें भांडें जसें वाळावयास कांहीं काळ लागतो, तसा नव्या आठवणीला दृढ होण्यास कांहीं काळ लागतो, आणि त्या काळांत तिला बळकटी आणतां येते किंवा धक्काहि देतां येतो. हें दृढीकरणाचें तत्त्व आज स्मृतिशास्त्राच्या पायाशीं आहे. पण म्हणून कोणी कुचल्याला हात लावूं नये. स्ट्रिक्नीनच्या लाभदायक मात्रेंत आणि झटके आणून प्राण घेणाऱ्या मात्रेंत फारसें अंतर नाहीं. हें औषध शास्त्रज्ञाच्या हातांत एक प्रश्न विचारण्याचें साधन होतें. तें माणसाच्या उपयोगाचें कधींच नव्हतें.

मात्रेची ही गोष्ट केवळ विषापुरती नाहीं. मेंदूवर काम करणाऱ्या बहुतेक द्रव्यांचा अनुभव असा, कीं थोड्या मात्रेनें कांहीं होत नाहीं, मध्यम मात्रेनें स्मरण सुधारतें, आणि मात्रा आणखी वाढविली कीं तें बिघडतें. भयाच्या वेळीं आपल्याच शरीरांत तयार होणारें ॲड्रिनलीन घ्या. १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शिकवणीनंतर उंदरांना ॲड्रिनलीन टोचलें, तेव्हां मध्यम मात्रेनें स्मरण वाढलें आणि मोठ्या मात्रेनें घटलें. भयानें आठवण कां कोरली जाते, याचें हें एक उत्तर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाचा हादरा ज्यांनीं सोसला, त्यांना त्या पहाटेचे बारीकसारीक तपशील वर्षानुवर्षें स्पष्ट आठवतात, आणि त्याच आठवड्यांतील दुसरा एखादा साधा दिवस मात्र मुळींच आठवत नाहीं. कारण त्या पहाटे शरीरानें आपलें औषध आपणच मेंदूला दिलेलें असतें.

याच विषयाची दुसरी बाजू विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. १९९८ सालीं डॉमिनिक द क्वेर्व्हें व मॅकगॉ यांनीं सहकाऱ्यासह एक प्रयोग प्रसिद्ध केला. हौदांतील ओट्याची जागा उत्तम शिकलेल्या उंदरांना परीक्षेच्या तीस मिनिटें आधीं विजेचा झटका दिला, तर ते ती जागा विसरल्यासारखे पोहूं लागत. झटका दोनच मिनिटें आधीं दिला, किंवा चार तास आधीं दिला, तर असें होत नसे. तीस मिनिटांच्या सुमारास ताणाचीं संप्रेरकें रक्तांत भरास आलेलीं असतात, आणि तीं आठवणीच्या मार्गांत आडवीं येतात. म्हणजे आठवण नष्ट झालेली नसते. ती त्या घटकेला हातीं लागत नाहीं. परीक्षागृहांत प्रश्नपत्रिका पाहून ‘सारें विसरलों’ असें वाटणारा आणि बाहेर आल्यावर उत्तर आठवणारा मुलगा बुद्धीनें कमी नसतो. त्याला शक्तिवर्धक गोळीची नव्हे, तर मन स्थिर होण्याची गरज असते. अशा मुलाला परीक्षेच्या दारांत ‘नीट लिही, सर्व तुझ्यावर अवलंबून आहे’ असें बजावणारे वडीलधारे नकळत त्या प्रयोगांतील झटक्याचेंच काम करतात.

आतां प्रत्यक्ष ‘बुद्धिवर्धक’ म्हणून निघालेल्या औषधांकडे येऊं. १९६४ सालीं बेल्जियममधील एका औषध कंपनींत पिरासिटॅम हें द्रव्य तयार झालें. कॉर्नेलिउ जुर्जिआ यानें त्याच्या प्राण्यांवरील प्रयोगांवरून १९७२ सालीं अशा औषधांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला आणि त्यास ‘नूट्रोपिक’ असें नांव दिलें. प्राणवायूच्या अभावानें किंवा विजेच्या धक्क्यानें ज्यांचें स्मरण बिघडविलें होतें, अशा प्राण्यांत पिरासिटॅमनें सुधारणा दिसली. आपल्याकडेहि तें सर्रास मिळूं लागलें. परंतु निरोगी तरुण माणसाची बुद्धि त्यानें वाढते, असा भक्कम पुरावा इतक्या वर्षांत पुढें आलेला नाहीं. अमेरिकेच्या औषध नियामकानें त्याला औषध म्हणून मान्यता दिलेली नाहीं.

येथें या सर्व विषयांतील सर्वांत मोठी फसगत आपल्या ध्यानांत येईल. तिचें उदाहरण आपल्याच शेताच्या बांधावर उभें आहे. धोतऱ्याच्या विषानें माणूस कसा बरळतो, समोरच्यास ओळखत नाहीं, हें खेड्यांतील प्रत्येकास ऐकून ठाऊक असतें. धोतऱ्यांतील स्कोपोलामीन हें द्रव्य मेंदूंतील ॲसेटिलकोलीन या निरोपवाहक रसायनाचें काम अडवून धरतें. प्रयोगशाळेंत उंदरांना हेंच स्कोपोलामीन टोचून त्यांना तात्पुरतें विसराळू करतात, आणि मग नवीन औषध देऊन तें विसराळूपण किती भरून निघतें तें पाहतात. स्मृतिभ्रंशाच्या रोगावर औषध शोधण्यास ही रीत उपयुक्त आहे, यांत शंका नाहीं. अल्झायमरच्या रोग्याच्या मेंदूंत ॲसेटिलकोलीनची उणीव असते. तें लवकर नष्ट होऊं नये म्हणून दिलें जाणारें डोनेपेझिल हें औषध अमेरिकेंत १९९६ सालीं मान्य झालें, आणि आज आपल्याकडील वृद्धांनाहि तें देतात. त्यानें रोग थांबत नाहीं. कांहीं रोग्यांस कांहीं काळ थोडा आधार मिळतो.

परंतु पहा, कीं विहिरींत पडलेल्यास दोर टाकून वर काढलें, म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसास त्याच दोरानें माडीवर चढवितां येईल असें नाहीं. विष दिलेला उंदीर पूर्ववत् झाला, याचा अर्थ धडधाकट उंदीर अधिक हुशार झाला असा होत नाहीं. आणि धडधाकट विद्यार्थी हुशार होईल, असा तर मुळींच होत नाहीं. बाटलीवरील ‘सिद्ध’ या शब्दाच्या मागें पुष्कळ वेळां हाच धोतऱ्याचा उंदीर उभा असतो.

मग आपल्या ब्राह्मीचें काय, असें आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत बुद्धीस हितकर अशीं चार मेध्य रसायनें सांगितलीं आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचें चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंत एच. के. सिंग व बी. एन. धवन यांनीं ब्राह्मीवर दीर्घकाळ काम केलें. ब्राह्मीचा अर्क दिलेले उंदीर कांहीं पाठ अधिक लवकर शिकतात व अधिक काळ लक्षांत ठेवतात, असें त्यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलें. आणि हा गुण ज्यांत असावा त्या घटकांस बॅकोसाइड असें नांव आहे. पुढें माणसांवरहि प्रयोग झाले. ऑस्ट्रेलियांत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ४० ते ६५ वयाच्या ७६ माणसांपैकीं कांहींना ब्राह्मी व कांहींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी तीन महिने दिली. ब्राह्मी घेणारीं माणसें नवें ज्ञान अधिक वेगानें शिकलीं नाहींत. परंतु शिकलेलें विसरण्याचें त्यांचें प्रमाण कमी झालें.

ही गोष्ट उत्साहवर्धक आहे, पण तिच्या मर्यादा तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली, लाभ दिसला तो अनेक आठवड्यांच्या नित्य सेवनानंतर. परीक्षेच्या पंधरा दिवस आधीं आणलेल्या बाटलीचा त्याशीं संबंध नाहीं. दुसरी, तो लाभ मध्यम प्रतीचा आहे, आणि कित्येकांस पोटाच्या तक्रारी होतात. तिसरी मर्यादा नांवाची आहे. लखनौचे प्रयोग ज्या वनस्पतीवर झाले ती पाणथळ जागीं वाढणारी, बारीक जाड पानांची नीरब्राह्मी. पण गोल पानांच्या मंडूकपर्णीलाहि आपल्याकडे ब्राह्मीच म्हणतात. शंखपुष्पीच्या नांवाखालीं तर कोठें एक रानवेल, कोठें माळावरची निळ्या फुलांची विष्णुक्रांता, तर कोठें कुंपणावरचा गोकर्ण विकला जातो. एका वनस्पतीवरील प्रयोगाचें प्रमाणपत्र दुसरीच्या गळ्यांत बांधतां येत नाहीं.

चौथी अडचण मात्रेची आहे, आणि तिच्यांत सुशिक्षितहि फसतात. समजा, उंदराला दर किलो वजनास १०० मिलिग्रॅम अर्क दिला. साठ किलोच्या माणसास किती द्यावा? साधा गुणाकार केल्यास ६ ग्रॅम येतात. पण उंदराच्या लहानशा देहांत औषध फार जलद जळून जातें. म्हणून शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानें ती मात्रा सुमारें सहा पटींनीं उतरवावी लागते, आणि उत्तर सुमारें १ ग्रॅम येतें. हाहि केवळ प्रयोगाच्या आरंभाचा अंदाज होय. औषधाची शिफारस नव्हे. उलट कित्येक बाटल्यांत घटक इतके अल्प असतात, कीं उंदराच्या प्रयोगांतील मात्रेशीं त्यांची तुलनाच होऊं शकत नाहीं.

प्रयोग वाचतांना आणखीहि कांहीं प्रश्न विचारावे लागतात. औषधानें उंदराचें भय कमी झालें काय? भय कमी झालें तर तो अंधाऱ्या कप्प्यांत निर्धास्त शिरेल आणि आपण म्हणूं, ‘विसरला.’ औषधानें त्याला वेदना अधिक जाणवूं लागल्या काय? मग तो अधिक कचरेल आणि आपण म्हणूं, ‘स्मरण वाढलें.’ हौदांत तो जलद पोहला, कीं सरळ पोहला? घड्याळ हातांत धरणाऱ्यास कोणत्या उंदराला औषध दिलें हें ठाऊक होतें काय? ज्याला ठाऊक असतें त्याचें बोट नकळत थोडें आधीं किंवा थोडें उशिरां घड्याळावर पडतें. यांत लबाडी नसते, आशा असते. आणि आशेपासून सावध राहणें हाच शास्त्राचा पहिला धडा आहे.

स्मरणाची वाढ नेहमीं हितकारकच असते असेंहि नाहीं. १९९९ सालीं प्रिन्स्टन विद्यापीठांत ज्यो त्सिएन यांनीं मेंदूंतील एका ग्राहकाचा घटक वाढविलेले लहान उंदीर निर्माण केले. ते इतर उंदरांहून लवकर शिकत व अधिक काळ लक्षांत ठेवीत. त्यांना एका दूरदर्शन मालिकेंतील बुद्धिमान मुलाच्या नांवावरून ‘डूगी’ म्हणूं लागले. वर्तमानपत्रांतून हर्ष झाला. पण २००१ सालीं दुसऱ्या संशोधकांना आढळलें, कीं याच बदलामुळें सुजेनें होणारी वेदनाहि त्या उंदरांना अधिक जाणवते. ज्या यंत्रानें मेंदू धडा धरून ठेवतो, तेंच यंत्र दुःखहि धरून ठेवतें. निसर्गानें विसरणें ही कांहीं निव्वळ चूक म्हणून ठेवलेली नाहीं.

आतां जीं औषधें उंदरांतून पार होऊन माणसापर्यंत खरोखर पोंचलीं आहेत, आणि शहरांतील वसतिगृहांतून ज्यांचीं नांवें कुजबुजलीं जातात, त्यांविषयीं दोन शब्द. मेथिलफेनिडेट हें अतिचंचलतेच्या विकारावरचें, आणि मोडाफिनिल हें अनावर झोपेच्या विकारावरचें औषध आहे. रोग्यास तीं वरदान ठरतात. पण निरोग्याचें काय? २०२३ सालीं मेलबर्न व केंब्रिज येथील संशोधकांनीं ४० निरोगी माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एका पोतडींत ठराविक वजनांत अधिकांत अधिक मोलाच्या वस्तु कशा बसवाव्या, असें एक कठीण कोडें त्यांना घातलें होतें. औषध घेतलेल्यांनीं अधिक वेळ घालविला, अधिक खटपट केली. परंतु त्यांच्या खटपटीची प्रत उतरली, आणि औषधावाचून जे सरासरीच्या वर होते तेच औषध घेतल्यावर पुष्कळदां खालीं घसरले. श्रमाचा भास वाढला, बुद्धि वाढली नाहीं. शिवाय मेथिलफेनिडेट हें १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेंत येतें, आणि दोन्हीहि औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेणें धोक्याचें आहे. झोप, भूक आणि हृदयाचे ठोके यांवर त्यांचा परिणाम होतो. आणि झोप गेली कीं दृढीकरणहि गेलें.

ज्या मुक्या प्राण्यांनीं हें ज्ञान आपल्याला दिलें, त्यांचाहि विचार करणें आपलें कर्तव्य आहे. १९५९ सालीं रसेल व बर्च या दोन इंग्रज लेखकांनीं तीन नियम मांडले: प्राण्याऐवजीं दुसरें साधन असेल तर तें वापरा, प्राण्यांची संख्या शक्य तितकी कमी ठेवा, आणि वेदना शक्य तितक्या सौम्य करा. आपल्या देशांत १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा व १९९८ चे नियम यांनीं प्रयोगांवर देखरेख ठेवली आहे. संस्थेच्या नीतिसमितीच्या संमतीवाचून असा प्रयोग करतां येत नाहीं. नांदेड व लातूर येथील औषधनिर्माणशास्त्राचे पदवी-विद्यार्थी ‘नूट्रोपिक’ हा विषय अभ्यासक्रमांत शिकतात. परंतु त्यांच्या प्रात्यक्षिकांत आतां बहुतेक ठिकाणीं जिवंत उंदराची जागा संगणकावरील चित्रानें घेतली आहे. हा बदल स्वागतार्ह आहे.

मग या साऱ्या खटाटोपांतून विद्यार्थ्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं काय? तसें नाहीं. औषधाच्या शोधांत निघालेल्या शास्त्रज्ञांना वाटेंत औषधाहून मोलाच्या गोष्टी सांपडल्या. १९६० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत मार्क रोझेन्झ्वाइग व सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं सवंगडी व खेळणीं यांनीं भरलेल्या पिंजऱ्यांत वाढलेल्या उंदरांच्या मेंदूचें बाह्य पटल एकट्या रित्या पिंजऱ्यांतील उंदरांपेक्षां अधिक जाड होतें. १९९९ सालीं आढळलें, कीं चाकावर धांवणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्यें नव्या पेशी अधिक टिकतात व ते हौदाचा पाठ अधिक चांगला शिकतात. १९९४ सालीं दिसून आलें, कीं उंदीर ज्या वाटेनें गेला त्या वाटेच्या पेशी नंतरच्या झोपेंत पुन्हां एकत्र जागृत होतात. जणूं मेंदू उजळणी करीत असतो. चार भिंतींच्या खोलींत एकटा बसलेला, खेळ बंद झालेला, पहाटेपर्यंत जागणारा विद्यार्थी या तिन्ही लाभांना मुकतो, आणि त्या उणिवेची भरपाई बाटलींत शोधतो.

चौथी गोष्ट माणसावरच सिद्ध झालेली आहे. २००६ सालीं रोडिगर व कार्पिक यांनीं विद्यार्थ्यांस एक उतारा दिला. कांहींनीं तो पुन्हां वाचला. कांहींनीं पुस्तक मिटून आठवेल तें लिहिलें. पांच मिनिटांनंतरच्या परीक्षेंत पुन्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून लिहिणारे पुढें गेले. लातूर पॅटर्नचें खरें सामर्थ्य मला येथेंच दिसतें. प्राचार्य जनार्दन वाघमारे, जे पुढें १९९४ सालीं नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले, त्यांच्यासारख्या शिक्षकांच्या काळापासून या महाविद्यालयाची ख्याति झाली ती गोळ्यांवर नव्हे. नित्याच्या सराव-परीक्षा, चुकांची उजळणी आणि शिक्षकांचें व्यक्तिशः लक्ष यांवर झाली. आठवणें हाच आठवणीचा व्यायाम होय. या पद्धतींतील चांगला अंश घ्यावा, आणि पुढें तिच्याभोंवतीं जमलेलें भय व जागरण टाकून द्यावें.

म्हणून पुढच्या वेळीं ‘प्रयोगांनीं सिद्ध’ अशी बाटली हातांत आली, तर चार प्रश्न विचारावेत. प्रयोग उंदरावर झाला कीं माणसावर? तो उंदीर निरोगी होता कीं त्याला आधीं विसराळू केलें होतें? प्रयोगांतील वनस्पति व मात्रा या बाटलींत आहे काय? आणि निरुपयोगी गोळीशीं तुलना केली होती काय? चारहि उत्तरें मिळालीं नाहींत, तर तेवढ्या पैशांत मुलाला महिनाभर दूध, फळें आणि संध्याकाळीं मैदानावर जाण्याची मोकळीक मिळूं शकते, हें आईबापांनीं ध्यानांत घ्यावें. अभ्यास संपल्यावर पुस्तक मिटून आठवेल तें एकदां लिहून काढावें, आणि मग दिवा मालवून झोपूं द्यावें. त्या झोपेंत जें काम होतें, तें करणारी गोळी अद्याप कोणत्याहि प्रयोगशाळेंत तयार झालेली नाहीं.